मनीऑर्डर कुठे अडली?



मुंबईला महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभे राहिले की धोबीघाट दिसतो. तिथून पश्चिमेला थोडे चालले की रेसकोर्स लागते. घोड्यांच्या शर्यतीचे हे मैदान १८८३ सालचे. माझे मोठे काका त्याच भागात राहत. महापालिकेत कायम नोकरी होती.

माझ्या लहानपणी दर महिन्याला त्यांची दोनशे रुपयांची मनीऑर्डर चांदूर बाजारला आजीच्या नावे येई. दिवाळी झाली की ती बंद पडे, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. आजी ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाही. म्हणे, "मुंबईत खर्च वाढला असन बाप्पा." काका वारल्यावर काकूंनी खरे कारण सांगितले. मुंबईत शर्यतींचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो. आमच्या आजीची मनीऑर्डर त्या खिडकीवर जात होती.

काका म्हणत, "घोडा ओळखता आला पाहिजे." १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. पण मी कारकून माणूस, हिशोब मांडून पाहतो. समजा, शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले. जमले हजार. त्यातून आधी क्लबचा वाटा आणि सरकारचा कर कापला जातो. उरलेलेच जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे घोडा कोणताही येवो, शंभर जणांना मिळून हजार रुपये परत मिळतच नाहीत. एखादा हुशार जिंकतो, तो शेजारच्याच्या पगारातून.

२०२४ साली रेसकोर्सची १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेला द्यायचे ठरले. मुंबईकरांना मोकळी हवा मिळेल, आनंदच आहे. पण जुगाराला आता मैदान लागत नाही. तो आपल्या गावात फोनवर आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली बंदीचा कायदा केला. तरी घरात लपवाछपवी असली तर कायदा दारापर्यंतच येतो.

म्हणून सांगतो, पगार झाला की नवरा-बायकोने एकत्र बसून वहीत जमाखर्च लिहावा. म्हाताऱ्या आईचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढावेत. कुणाचा पाय घसरलाच असेल तर त्याला शिव्या न देता वही पुढे करावी. आमच्या काकूंना पगार किती, हेच शेवटपर्यंत माहीत नव्हते.