विश्लेषण : फाइल सगळीकडे ‘सिंक’ आहे, म्हणजे ती सुरक्षित आहे?

कार्यालयातला संगणक, घरचा लॅपटॉप आणि खिशातला मोबाइल. नोंदी, हिशेब, लेखांचे मसुदे या तिन्हींवर सारखेच दिसावेत, ही आता अनेकांची गरज आहे. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह अशा सेवांनी ते सोपे केले. पण त्यातून एक गैरसमजही रुजला : फाइल तीन ठिकाणी दिसते, म्हणजे आपल्याकडे तिच्या तीन सुरक्षित प्रती आहेत. तसे नाही.

सिंक नेमके काय करते?

ठरवून दिलेल्या फोल्डरवर ते लक्ष ठेवते आणि एका यंत्रावर झालेला बदल इतर यंत्रांवर पोहोचवते. तो बदल हवा होता की नको होता, हे त्याला कळत नाही. घाईत अर्धी फाइल पुसून ‘सेव्ह’ केली, की ती सगळीकडे अर्धीच होते. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइलही त्याच तत्परतेने पुढे जाते. सिंक हा आरसा आहे, तिजोरी नव्हे.

काढून टाकलेली फाइल परत मिळत नाही का?

मिळते, पण मुदतीत. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही मुदत ३० दिवसांचीच. एप्रिलमध्ये चुकून गेलेली नोंद जुलैमध्ये आठवली, तर हात रिकामेच राहतात.

एकच फाइल दोन ठिकाणी बदलली तर?

इंटरनेट नसताना लॅपटॉपवर काही लिहिले आणि त्याच फाइलमध्ये मोबाइलवरूनही भर घातली, तर खरी कोणती हे सेवेला ठरवता येत नाही. ड्रॉपबॉक्स किंवा सिंकथिंग अशा वेळी दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवते. ती कचरा समजून काढू नये. दोन्ही उघडून मजकूर जुळवावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली ओळीओळीने बदल जुळवते आणि जुन्या आवृत्त्याही जपते. मात्र ती शिकावी लागते. प्रत्येकाने ती शिकावी असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

मराठी मजकुराचे काय?

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर पोहोचतो. पण तिथे तो फॉण्ट नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून जुने लेखन वेळीच युनिकोडमध्ये आणून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवावे. अशी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते आणि जागाही थोडी घेते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. तरी ३०० पानांच्या पुस्तकाचा मजकूर साधारण दीड-दोन एमबीत मावतो. मोबाइलने काढलेला एखादा फोटोही त्याहून मोठा असतो.

मग करावे काय?

सिंक बंद करण्याची गरज नाही; ते सोयीचे आहे. पण त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा संपूर्ण फोल्डरची प्रत तारीख घालून पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. जुनी प्रत लगेच पुसू नये. काम झाले की ड्राइव्ह काढून ठेवावा; तो कायम जोडलेला राहिला, तर रॅन्समवेअर त्याच्यापर्यंतही पोहोचू शकते. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप म्हणजे फक्त समाधान.

हे सारे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. वर्षानुवर्षांच्या नोंदी, घरखर्चाचे हिशेब, आजीकडून उतरवून घेतलेल्या पाककृती दुकानात पुन्हा विकत मिळत नाहीत. त्यांची जबाबदारी मोफत सेवेवर सोपवून निर्धास्त राहणे ही सोय नव्हे, निष्काळजीपणा आहे.