आजीच्या श्रमाची नोंद कुठे आहे?

गावातली म्हातारी बाई गेली की तिच्याबद्दल ठरलेले शब्द बोलले जातात. ‘माऊली होती’, ‘घरासाठी झिजली’, ‘कधी कुणाला नाही म्हटलं नाही.’ दहाव्याच्या कीर्तनात महाराज तिच्या त्यागाचं कौतुक करतात आणि विषय तिथेच संपतो. दुसरीकडे आपल्या शिबिरांमधून तीच बाई देवभोळी, पुरुषसत्तेनं पोसलेली, सुनेला जाच करणारी सासू म्हणून एका वाक्यात निकालात निघते. या दोन्ही बोलण्यांत तिनं प्रत्यक्ष काय काम केलं, हे कुठेच येत नाही. माझ्या आजीच्या निमित्ताने हा प्रश्न मैत्रिणींपुढे ठेवते आहे. कारण आज बीड जिल्ह्यात तिच्यासारख्या कितीतरी आज्या तेच काम करत आहेत, आणि त्याची नोंद आजही होत नाही.

आजीचा जन्म निजामाच्या राजवटीतला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मोकळं झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि सासरी नांदत होती. अंबाजोगाईला ती शेवटपर्यंत मोमिनाबादच म्हणायची. सात बाळंतपणं झाली, चार लेकरं जगली. १९७२ च्या दुष्काळात तिनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर तगलं. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याला त्याचाच आधार मिळाला. वि. स. पागे यांचं नाव आपण आदराने घेतो, आणि घ्यायलाच हवं. पण ज्या बायांनी उन्हातान्हात ते तलाव उभे केले, त्यांची नावं हजेरीपटाबरोबरच गेली.

याच काळात आजी सुईणपणही करत होती. ते ती मातंग वस्तीतल्या एका म्हाताऱ्या सुईणीकडून शिकली. नाळ कापणं हे विटाळाचं काम मानलं जाई. त्यामुळे बाळंतपण करून आलं की घरात पाऊल टाकण्याआधी अंगणात अंघोळ करायची, असा सासूचा दंडक होता. ऐंशीच्या दशकात सरकारी दाई प्रशिक्षण झालं, तेव्हा तिला साबण, ब्लेड आणि दोरा असलेली पेटी मिळाली. ती पेटी तिनं देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवली होती. मुलगा झाला तर सुईणीला लुगडं-खण मिळे. मुलगी झाली तर पसाभर ज्वारी, आणि तीही तोंड पाडून. आजी सांगायची, “लेकीच्या येळंला माजं काम काय अर्धं व्हतं का? कळा तर तेवढ्याच व्हत्या.”

तिचं हे वाक्य मला आपल्या कितीतरी पुस्तिकांपेक्षा नेमकं वाटतं. पसाभर ज्वारीतून दिसणारा हा नकार पुढे यंत्राच्या हातात गेला. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. २०१२ साली परळीचं गर्भलिंगनिदानाचं प्रकरण उघडकीला आलं आणि जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. म्हणजे गावात शिक्षण आलं, दवाखाने आले, रस्ते आले, पण मुलीचं मोल वाढलं नाही. तेव्हा जुन्या पिढीला मागास आणि नव्या पिढीला सुधारलेली ठरवताना आपण थोडं थांबलं पाहिजे.

आता श्रद्धेविषयी. आजी माळकरी होती. एकादशी कधी चुकवली नाही. मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून जाते. पन्नाशीनंतर आजी त्या पालखीबरोबर चालू लागली. वारीला जाते म्हटलं की ना नवरा अडवू शके, ना मुलगा. वर्षातले तेवढेच दिवस तिला कुणी ‘कुठे चाललीस, कधी येशील’ असं विचारत नसे. बाईला घराबाहेर पडण्याचा, इतर बायांशी बोलण्याचा हक्क आपण संघटनेतून मागतो. तिनं तो विठोबाच्या नावावर मिळवला होता. सप्ताहात घरोघरच्या भाकऱ्या गोळा करण्याची बायांची एक घडी गावात बसलेली होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हीच घडी कामाला आली. आजीनं आणि तिच्या भजनातल्या बायांनी सांजेपर्यंत भाकरी-चटणीची गाठोडी बांधून ट्रकमध्ये चढवली. त्यासाठी ना बैठक झाली, ना ठराव.

पण म्हणून तिचा देव्हारा करायचा नाही. जिनं तिला सुईणपण शिकवलं, त्या बाईला आजीनं शेवटपर्यंत ओसरीच्या खालीच बसवलं आणि तिची कपबशी वेगळी ठेवली. वारीत सगळ्यांच्या पाया पडणारी आजी घरी आल्यावर ही रेघ ओलांडू शकली नाही. भक्तीनं तिला उंबऱ्याबाहेर नेलं, पण जात मोडायला ती पुरली नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. माझ्या आजीबद्दल निदान तिची नात दोन शब्द लिहिते आहे. त्या सुईणीबद्दल कोण लिहिणार?

आजोबा गेले तेव्हा चार एकर रान होतं. कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ पासून आहे. पण वाटणीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला गेला आणि सातबारावर फक्त मुलगे राहिले. तिला त्याचं दुःख होतं का, हे घरात कुणी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीम चालवली, ती आमच्या शिवारापर्यंत पोचली नाही.

साठी उलटल्यावर माणसाला विसावा असतो म्हणतात. आजीचं सगळ्यात जड काम तेव्हाच सुरू झालं. चुलता-चुलती कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर, सांगलीकडे जाऊ लागले. मुकादमाची उचल घेतली की दिवाळीच्या आसपास निघायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचं. पाच-सहा महिने चार नातवंडं, दोन शेळ्या आणि एक हंडा पाण्यासाठीची वणवण, एवढं सगळं आजीवर. साखर कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. त्या कोयत्यामागे गावात राबणारी म्हातारी हिशेबातच नाही. ती नसती तर ती लेकरं फडावर गेली असती आणि शाळा सुटली असती.

फडावर एक दिवस चुकला की खाडा कापला जातो. पाळीच्या त्रासाला, दुखण्याला सवड नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढली गेल्याचं आढळलं. माझी चुलती त्यांतलीच एक. शस्त्रक्रियेनंतर तिला सांभाळलं तेही आजीनंच.

यावर काहीच झालं नाही असं नाही. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. श्रावणबाळ योजनेचं मानधन २०२३ मध्ये पंधराशे झालं. पण हे मानधन निराधार म्हणून मिळतं, कामाचा मोबदला म्हणून नव्हे. जी बाई चार लेकरांचा आधार आहे, तिला सरकारी कागद निराधार म्हणतो! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि पुरुषाची ९७, असं दिसलं. तेव्हा मोजता येत नाही, ही सबब आता चालणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. यंदा टोळ्या निघण्याआधी आपल्या गटांनी गावोगाव यादी करावी: कुणाच्या घरी कोणती आजी किती लेकरं सांभाळणार आहे, तिचं वय काय, तब्येत कशी, सातबारावर तिचं नाव आहे का. ही यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्यायला लावावी. ऊसतोड कामगारांच्या कल्याण मंडळाकडे या आज्यांसाठी सांभाळभत्ता मागावा, आणि तो साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे कारखान्यांकडून वसूल व्हावा. वाटणीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी बाईला तो वाचून दाखवणारी एक तरी कार्यकर्ती तिथे हजर असावी. आणि ज्या सुईणी अजून हयात आहेत, विशेषतः दलित वस्त्यांमधल्या, त्यांच्याकडे बसून त्यांचं काम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. त्या फार दिवस राहणार नाहीत.