शहाण्याने कोर्टाची पायरी ओळखावी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण ज्या घरात ऐकू येत नाही, असे मराठी घर आमच्या तरी पाहण्यात नाही. इंदूरला येऊन आपल्या घराण्यांना किती पिढ्या झाल्या! पोह्यांवर शेव पडू लागली, बोलण्यात अर्धी हिंदी मिसळली, पण ही म्हण मात्र जशीच्या तशी टिकून राहिली. आणि आता याच घरांतील मुले बारावीला 'लीगल स्टडीज' म्हणजे कायद्याचा अभ्यास हा विषय घेऊन बसली आहेत. आजी म्हणते, कोर्टाचे नाव काढू नको. नात म्हणते, आजी, अगं परवा त्याचाच पेपर आहे!

पेपर जवळ आला की शिक्षकांच्या खोलीबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो, "बाई, आता तीनच दिवस उरलेत, काय करू?" वर्षभर अभ्यास करायला हवा होता हे सांगून आता काही उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आम्हालाही कळते. पण तहान तर लागली आहे, आणि खणणाऱ्याला निदान पाणी कुठे लागेल ते तरी सांगायला हवे. म्हणून विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द, आणि थोडे कटू वाटले तरी पालकांसाठीही दोन शब्द लिहीत आहोत.

आधी गेल्या वर्षी घडलेली एक गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही. पेपरच्या आधी शाळेत जादा तास चालू होते. लोकअदालतीवर प्रश्न दिला. एका मुलीने उत्तर अगदी छापल्यासारखे लिहिले. कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून, निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक, सगळे जागच्या जागी. तास संपल्यावर ती बाईंना म्हणाली, "उद्या मला यायला जमणार नाही. घरी कोर्टाची नोटीस आली आहे. बाबा पैशांची जुळवाजुळव करताहेत आणि आजीने दोन दिवस नीट जेवण केलेले नाही." कसली नोटीस आहे, असे बाईंनी विचारले. तिला ठाऊक नव्हते. 'लहान मुलांनी यात पडायचे नाही' म्हणून कागद तिला दाखवलाच नव्हता. तो देव्हाऱ्यात देवांच्या मागे ठेवला होता.

बाईंच्या सांगण्यावरून तिने घरी हट्ट धरला आणि तो कागद वाचला. जुन्या भाड्याच्या घराची विजेची थकबाकी होती, आणि ती तडजोडीने मिटवावी म्हणून लोकअदालतीत बोलावले होते. जी गोष्ट तिने त्याच दिवशी वहीत साफ लिहिली होती, तीच गोष्ट देवांच्या मागे दडून घराची झोप उडवत होती. मग तिने आजीजवळ बसून मराठीत सांगितले, "आजी, ही शिक्षा नाही. इथे दोन्ही बाजूंचे ऐकतात. आपल्याला पटले तर तडजोड करायची, नाही पटली तर बळजबरी नाही. वेगळी कोर्ट फी लागत नाही. पण एकदा मान्य केले की पुढे अपील नाही, म्हणून आधी नीट समजून घ्यायचे." पुढे वडील गेले, रक्कम थोडी कमी झाली आणि प्रकरण मिटले. तो प्रश्न पेपरात आला की नाही, हे आम्हाला आज आठवतही नाही.

आमचे म्हणणे या गोष्टीतच आले आहे. कायद्याच्या पेपरची शेवटच्या तीन दिवसांतील उत्तम तयारी म्हणजे शिकलेले घरच्या माणसांना मराठीत सांगणे. आजीला कळेल असे सांगता आले, तर ते तुम्हाला कळले आहे असे समजावे. सांगताना जिथे अडखळाल, तिथेच पुस्तक उघडावे. ज्या जागी अडखळलात, तीच तुमची खरी 'महत्त्वाच्या प्रश्नांची' यादी. बाजारात पंचवीस रुपयांना मिळते ती यादी नव्हे.

पेपर ऐंशी गुणांचा, तीन तासांचा. उरलेले वीस गुण प्रकल्पाचे. ऐंशी गुणांच्या पेपरात नुसते पाठ केलेले फार पुरत नाही, कारण प्रसंग देऊन विचारले जाते की या माणसाचा कोणता हक्क हिरावला गेला, त्याने कुठे दाद मागावी. मुले कलमाचा आकडा बरोबर लिहितात आणि त्या माणसाला चुकीच्या दारात नेऊन उभे करतात.

आता तीन दिवसांत काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिला दिवस खटल्यांना द्यावा. प्रत्येक खटला चार ओळींत बसतो : कोण कोणाविरुद्ध, प्रश्न काय, निकाल काय आणि तसा का. शाहबानो खटला घ्या. मुले '१९८५, पोटगी' एवढे दोन शब्द पाठ करतात. हा खटला आपल्या इंदूरचा आहे, हे कितीजणांना माहीत आहे? साठी ओलांडलेली, पतीने घराबाहेर काढलेली ही बाई १९७८ साली इथल्याच न्यायालयात पोटगी मागायला गेली. पती पेशाने वकील. खालच्या न्यायालयाने महिन्याला २५ रुपये मंजूर केले. १९८० मध्ये उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पतीने सर्वोच्च न्यायालय गाठले. तिथे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी निकाल दिला की, दंड प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखेच लागू आहे. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याचे. पुढे १९८६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला, आणि २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवताना त्याचा अर्थ असा लावला की, पतीने पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या काळातच करून द्यायला हवी. २५ रुपयांचा आकडा एकदा आजीला सांगून पहा. 'त्यात काय येत होतं गं तेव्हा?' असे ती विचारील, आणि मग हा खटला तुम्ही जन्मात विसरणार नाही.

तसाच भोपाळचा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र आपल्या प्रदेशातल्या वडीलधाऱ्यांना कोणी सांगावी लागत नाही. त्यानंतर एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात, एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जो धोकादायक धंदा चालवतो त्याला नुकसानभरपाईतून कोणतीही सबब सांगून सुटता येणार नाही. इंग्लंडच्या १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यातील नियमाला अपवाद होते. इथे ते ठेवले नाहीत. 'स्ट्रिक्ट' आणि 'ॲब्सोल्यूट' जबाबदारीतला फरक तो एवढाच. घरी वडिलांना विचारा, भोपाळनंतर असा नियम का लागला असेल? उत्तर तेच देतील, तुम्ही फक्त खटल्याचे नाव जोडा.

दुसरा दिवस लॅटिन सूत्रांना आणि फरकांना. 'ऑडी आल्टरम पार्टेम' म्हणजे दुसऱ्या बाजूचेही ऐका. दोघा भावंडांच्या भांडणात आई धाकट्याचे ऐकूनच मोठ्याच्या पाठीत धपाटा घालते, तेव्हा हे सूत्र मोडते. 'निमो ज्युडेक्स' म्हणजे स्वतःच्या प्रकरणात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये. मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब खजिनदारानेच तपासला, तर चालेल का? नाही ना? मग झाले. सूत्राचे इंग्रजी स्पेलिंग मात्र हाताने पाच वेळा लिहून काढावे, तिथे पाठांतराला पर्याय नाही. पाठांतराला आम्ही नावे ठेवत नाही. रामरक्षा आणि पाढे घोकूनच आपल्या पिढ्या वाढल्या. पण पाढा पाठ असून वाण्याचा हिशेब जमत नसेल, तर तो पाढा काय कामाचा?

लवाद, मध्यस्थी, समेट आणि लोकअदालत यांचा घोळ दरवर्षी होतो. एक कागद घेऊन चार रकाने पाडावेत. निर्णय कोण देतो, तो बंधनकारक आहे का, अपील आहे का, एवढेच तीन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. मध्यस्थ निर्णय देत नाही, दोघांना निर्णयापर्यंत आणतो. लवाद निर्णय देतो. हे एक वाक्य लक्षात राहिले तरी निम्मा घोळ सुटतो.

तिसरा दिवस लिहिण्याचा. मंडळाचा नमुना पेपर आणि त्याची गुणदान पद्धत मंडळाच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. घड्याळ लावून एक पेपर सोडवावा, आणि रात्री वेळेवर झोपावे. परीक्षेत पेपर वाचायला पंधरा मिनिटे मिळतात. ती खिडकीबाहेर पाहण्यात घालवू नयेत, प्रसंगावर आधारित प्रश्न तेव्हाच वाचून ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी. ताईच्या, दादाच्या जुन्या वह्यांवर डोळे मिटून विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, दंड प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ झाले. 'चारसौबीस' आपल्या बोलण्यात राहील, पण कायद्यात फसवणूक ३१८ मध्ये गेली. वर सांगितलेले पोटगीचे कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. उत्तरात कोणता आकडा लिहायचा, ते यंदाचा अभ्यासक्रम पाहून बाईंना आजच विचारा, पेपरच्या सकाळी नको.

आता पालकांसाठी. मुलांनी घोकंपट्टी करावी असे वातावरण आपणच तयार केले आहे, हे मान्य करायला हवे. मुलगी कायदा शिकते आणि घरातला कायद्याचा कागद आपण तिच्यापासून लपवतो! भाडेकरार, विम्याचा कागद, बँकेची नोटीस या गोष्टी सतरा वर्षांच्या मुलाने वाचल्या तर बिघडते काय? आपला एक सवाल असाही असतो, की यात वकील व्हायचे नसेल तर हा विषय घ्यावाच कशाला? आमचे उत्तर असे, की इतिहास घेणारी सगळी मुले इतिहासकार होत नाहीत, तरी तो विषय शाळेत आहे. आणि कायद्याची गरज वकिलापेक्षा अशिलाला आधी पडते.

मोफत कायदेशीर मदत हा उपकार नसून हक्क आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले, आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, तो हक्क दिला. हे आपल्या घरातल्या किती सुनांना, किती मुलींना ठाऊक आहे? पंधरा हजार शंभर, म्हणजे १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक पाठ असलेले किती आहेत? पेपरसाठी मुले हा धडा वाचतीलच. तो जेवणाच्या पाटावर एकदा मोठ्याने वाचू द्या.

ज्या महूला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १४ एप्रिल १८९१ रोजी जन्म झाला, ते इथून तासाभराच्या वाटेवर आहे. १९५६ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या गावात आहे; आपण त्याच्यावरून रोज जातो-येतो. तरीही कायदा म्हटला की देव्हाऱ्यामागे कागद लपवावा, असे आपल्याला वाटते. ती म्हण ज्यांनी केली त्यांना खर्च, खेटे आणि वर्षांमागून वर्षे ठाऊक होती, त्यांना दोष देत नाही. भांडण घरी मिटत असेल तर आजही पायरी चढू नये. पण कुठली पायरी कुठे जाते, एवढे घरातल्या एकाला तरी माहीत असावे. आपल्याकडे ते माहीत असणारे माणूस बहुतेक बारावीत आहे आणि सध्या वह्या पसरून बसले आहे.

तेव्हा मुलांनो, आज रात्री जेवण झाल्यावर आजीला हाक मारा, एक खटला सांगा आणि ती काय विचारते ते नीट ऐका. पेपरसाठी सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. हॉल तिकीट आणि दोन पेने दप्तरात आजच ठेवा.