टेरिफिक म्हणे!

परवा आमच्या ज्युनिअरने क्लाएंटला मेल टाकला, 'युअर प्रेझेंटेशन वॉज ऑफुल.' बिचाऱ्याचं लॉजिक साधं होतं. ब्यूटीवरून ब्यूटिफुल, तसं ऑवरून ऑफुल. म्हणजे एकदम दबदबा! दहा मिनिटांत क्लाएंटचा फोन आला. तो ठेवल्यावर पोरगा रडवेला होऊन म्हणाला, "मॅम, पण माझं चुकलं काय?"

खरं सांगू? तीन-चारशे वर्षांपूर्वी काहीच चुकलं नसतं. ऑ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ भीती. ऑफुल म्हणजे धडकी भरवणारा, ज्याच्यापुढे मान आपोआप झुकावी असा. अगदी देवालाही हे विशेषण चालायचं. पुढे 19 व्या शतकात तो घसरत घसरत 'एकदम वाईट'वर आला. त्याच घराण्यातला ऑसम मात्र 20 व्या शतकात सगळ्यांचा लाडका झाला.

टेरिफिकची कुंडली तर याच्या बरोबर उलटी. लॅटिनमध्ये टेरेरे म्हणजे घाबरवणं. 1667 च्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये मिल्टनने सापाच्या आयाळीला टेरिफिक म्हटलं, ते काही कौतुकाने नव्हे! मग शब्दाचा अर्थ आधी 'प्रचंड' आणि नंतर 'झकास' झाला. 1952 च्या 'शार्लट्स वेब'मध्ये तर कोळीण डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवायला जाळ्यात हाच शब्द विणते. सख्खा भाऊ टेरिबल बिचारा होता तिथेच राहिला.

हसू नका हं. 'भयंकर आवडलं', 'खतरनाक जमलंय', 'डेंजर गाणं आहे यार' हे आपणच म्हणतो ना? पोटात गोळा आणणारी आणि थक्क करणारी, दोन्ही गोष्टी आपल्याला एका क्षणात लहान करून टाकतात. म्हणून तर हे शब्द इतक्या सहज घर बदलतात.

तेव्हा मेल लिहिताना एवढं पाठ करा. कौतुकाला टेरिफिक, भीतीला टेरिफाइंग आणि ऑफुल फक्त भांडायचंच असेल तर!

आमच्या ज्युनिअरचं काय झालं? त्याने स्वतः फोन करून ही सगळी कुळकथा क्लाएंटला ऐकवली. क्लाएंट पोट धरून हसला आणि काम आमच्याकडेच राहिलं. पोरगा मात्र आता सेंड दाबण्याआधी डिक्शनरी उघडतो.