नव्याण्णव टक्के शुद्ध, तरी नापास!

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारचा शेतकरी हळद विकत घेताना हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. सौरपंपाचे पॅनेल मात्र त्याला मोडून पाहता येत नाही. २०२४च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत त्याने भरायचे १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के, बाकीचे अनुदान. पण पॅनेल विहिरीवर पंचवीस वर्षे उभे राहायचे. मग काचेखाली काय आहे, हे विचारायला नको?

काचेखाली असते सिलिकॉन. गारगोटी कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत घातली की सुमारे ९९ टक्के शुद्ध सिलिकॉन मिळते. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू! पॅनेलला ते चालत नाही. तिथे दहा लाखांत एखादाच परका कण खपतो. म्हणजे चाळीसेक किलो गव्हात एकच खडा. म्हणून या सिलिकॉनचे वायूत रूपांतर करतात, तो गाळून तापलेल्या कांड्यांवर पुन्हा जमवतात. काम चोख, पण वीज बेसुमार.

दुसरी वाट स्वस्त आहे. सिलिकॉन वितळवून हळूहळू गोठवायचे. बहुतेक धातू शेवटी गोठणाऱ्या भागात जमतात. तो कापून टाकायचा. चिवट उरतात ते बोरॉन आणि फॉस्फरस. बोरॉन जास्त राहिले, तर पहिल्या काही दिवसांच्या उन्हातच पॅनेलची ताकद थोडी घटते.

२००८ साली शुद्ध सिलिकॉन किलोला ४०० डॉलरपुढे गेले, तेव्हा या वाटेचा बोलबाला झाला. ‘कॅनेडियन सोलर’ने असे पॅनेल विकले, ‘एल्केम’ने नॉर्वेत कारखाना घातला. पुढे नेहमीच्या सिलिकॉनचेच भाव कोसळले आणि ही वाट मागे पडली.

तरीही ती टाकून देऊ नये, असे मला वाटते. सूर्याची वीज मिळवण्यासाठी आधी कोळशाची वीज ढिगाने जाळायची, हा उफराटा व्यवहार जितका कमी होईल तितका बरा. स्वस्त म्हणजे कमअस्सल, ही समजूतही सोडावी. पण दोन अटी हव्यात. स्वस्ताईचा फायदा किमतीत दिसावा. आणि आज किती वॅट, पंचवीस वर्षांनी किती टक्के उरणार, हे चाचणीसह मराठीत लिहून मिळावे.

हळकुंड मोडून पाहता येते. पॅनेलच्या बाबतीत तो कागद हेच मोडलेले हळकुंड. तो हाती आल्याशिवाय सही करू नये!