ताडीची टॉडी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे ऊन पाणी अंगावर घेताना संस्कृत ‘उष्ण’चे ‘ऊन’ कसे झाले, असा विचार कुणी करीत बसत नाही; आणि ते योग्यच आहे. पण आज मला एका अशा शब्दाची हकीगत सांगायची आहे, की जो उबेला लागला तो थेट स्कॉटलंडात जाऊन. गृहिणींनी रागावू नये. तो शब्द आहे ‘ताडी’.

इंग्रजी कादंबऱ्यांतून ‘हॉट टॉडी’ पुष्कळांना भेटली असेल. व्हिस्की, कढत पाणी, साखर, हवी तर लिंबाची फोड नि लवंग. तिकडे पडसे आले की ही टॉडी घेतात; जणू आपल्या आजीबाईंचा काढाच! ही टॉडी म्हणजे आपली ताडी. संस्कृत ‘ताल’, त्याचा ‘ताड’, ताडाची ‘ताडी’. दोन स्वरांमधला आपला ‘ड’ मोठा निसटता. इंग्रजी कानाला तो कधी ‘र’ वाटला, कधी ‘ड’. म्हणून जुन्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात ‘तारी’ही आढळते आणि ‘टॉडी’ही.

गंमत अशी की मूळची ताडी मुळीच ऊन नसते. पहाटे उतरवलेली नीरा गार आणि गोड असते. दिवस वर आला की ती आपोआप आंबते, फेसाळते. विलायतेत ना ताडाचे झाड, ना त्याचा रस. तिथे रुजले ते नुसते नाव, आणि थंडीने त्याला ऊन पाणी जोडून दिले.

स्कॉटलंडात मात्र हा शब्द एडिंबरोच्या ‘टॉड्स वेल’ या विहिरीवरून आला, असे सांगत. दुसरी कथा डॉक्टर रॉबर्ट बेंटली टॉड यांची. हे गृहस्थ तापाच्या रोग्यांना ब्रँडी देत, म्हणून म्हणे ‘टॉडी’! पण डॉक्टरांचा जन्म १८०९ चा, आणि रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ साली छापलेल्या कवितेत टॉडी आहेच. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने आधी जन्मतारखा पाहाव्यात, असे मी वर्गात नेहमी सांगतो.

मला खुपते ते निराळेच. ‘टॉडी’ म्हटले की औषध, आणि ‘ताडी’ म्हटले की आपले कान लाल! कमरेला कोयता नि मडके बांधून उंच झाडावर चढायचे, फुलोऱ्याला नेमका काप द्यायचा, आणि हे रोज, न चुकता. यात थोडे का कसब आहे? कोकणात माडाची माडी काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. शब्दकोशात ताडाच्या झाडाची नोंद मिळते. झाडावर चढणाऱ्याची मिळत नाही.

ताडी पिऊ नये, असे मीही म्हणेन. शब्द मात्र खुशाल तोंडात घ्यावा. तो चढत नाही.