कर्नाळ्याचा माथा आणि न सुकणारा घाम

मार्च लागला तरी रविवारी सकाळी कर्नाळा अभयारण्याच्या फाटकाशी गाड्यांची रांग असतेच. मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच रान, वर अंगठ्यासारखा उभा सुळका. किल्ला जेमतेम साडेचारशे मीटर उंच. ‘लहान मुलंही चढतात,’ असं म्हणत मंडळी दहा वाजता अर्धा लिटर पाणी घेऊन निघतात. उंची कमी आहे हे खरं; पण इथे खरा धोका उंचीचा नाही, दमट हवेचा आहे.

घाम आल्याने शरीर थंड होतं, असं आपण म्हणतो. खरं तर ते थंड होतं घाम सुकल्याने. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. तोच घाम हनुवटीवरून ठिबकला, तर पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र अंगातच राहते. रायगडच्या किनाऱ्यालगत हवा आधीच बाष्पाने भरलेली. त्यात चढताना स्नायू आणखी उष्णता तयार करतात. उंचीचा दिलासाही तुटपुंजा. पायथ्यापेक्षा माथ्यावर फार तर तीन अंशांचा फरक, आणि तिथे सावली संपून तापलेला कातळ सुरू होतो.

म्हणूनच हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागात ४० अंशांचा, तर किनारपट्टीवर ३७ अंशांचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. पारा ३८च्या आसपास होता. आणि ती माणसं डोंगर चढत नव्हती, उन्हात बसलेली होती.

कर्नाळ्याच्या फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली जाते. ही शिस्त चांगलीच आहे. मग तिथेच त्या दिवसाचं तापमान आणि आर्द्रता लिहिलेला फळा का नसावा? उन्हाळ्यात ठरावीक वेळेनंतर माथ्याची वाट बंद ठेवून खालच्या सावलीतल्या पायवाटाच खुल्या ठेवायला काय हरकत आहे?

तोवर नियम आपणच पाळायचे. उजाडताच निघावं, दहाच्या आत खाली यावं. माणशी किमान दोन लिटर पाणी, सोबत मीठ-साखरेचं सरबत. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही थांबून माघारी फिरण्याची खूण. कुणी असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावं, अंग ओलं करून वारा घालावा, १०८ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी ओतू नये.

अर्ध्या वाटेवरून परतण्यात कमीपणा नाही. किल्ला कुठे जात नाही. डिसेंबरातही तो तिथेच असेल.